धरणाभोवती दहा गाड्या

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की ऊस, साखर कारखाने, शिर्डीची गर्दी आणि पावसाची वाट पाहणारी पठारं डोळ्यांपुढे येतात. घाटरस्ते चटकन आठवत नाहीत. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात आहे. त्याच परिसरात प्रवरा अडवून बांधलेलं, १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे. या धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुंबई, पुणे, नाशिक आणि खुद्द नगरच्या गाडीवाल्यांना शनिवार-रविवारात जाऊन येण्याजोगा आहे.

गाड्यांशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. अहिल्यानगरजवळ संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन-प्रयोगशाळा, व्हीआरडीई, आहे. लष्करी वाहनांबरोबर बाजारात येणाऱ्या नागरी वाहनांची अधिकृत चाचणीही तिथे होते. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र याच शहरात. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ची चिलखती मोटार आजही उभी आहे. गाडी काय काय सोसू शकते हे तपासण्याची सोय जिल्ह्याच्या पूर्वेला आहे. ते अनुभवण्याची जागा मात्र पश्चिमेला, सह्याद्रीत.

एकट्या गाडीनं भंडारदऱ्याला जायला आखणी अशी फारशी लागत नाही. टाकी भरली, पिशव्या टाकल्या, निघालो. दहा गाड्या आणि पस्तीस माणसं निघाली की सगळं बदलतं. कुणाची गाडी नवी, कुणाचा परवाना नवा. कुणाला दर वळणावर फोटो हवा, कुणाला गाडीची ताकद दाखवायची असते. त्यात रस्ता असा की समोरून एसटी आली तर दोघांपैकी एकानं थांबायलाच हवं. अशा सहलीच्या आखणीतला खरा प्रश्न ‘कुठे जायचं’ हा नसतोच. मोठा गट अरुंद रस्त्यावर लहान कसा करायचा, हा असतो. पुढची सगळी गणितं त्याचीच आहेत.

आधी नकाशा, मग घड्याळ

भंडारदऱ्याला पोचायचे मार्ग मुख्यतः दोन बाजूंनी येतात. एक पश्चिमेकडून: मुंबई आणि नाशिकची मंडळी घोटीला येतात आणि तिथून बारी, वारंघुशी फाटा असं करत धरणाच्या कुशीतल्या शेंडी गावी उतरतात. मुंबईकरांना पूर्वी कसारा घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो चढ जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यातून पार करता येऊ लागला. दुसरा मार्ग पूर्वेकडून: पुण्याची मंडळी नारायणगाव, आळेफाटा असं करत चंदनापुरी घाटातून संगमनेरला उतरतात, नगरची मंडळी लोणीमार्गे संगमनेरला पोचतात. तिथून पुढे अकोले, विठे घाट, राजूर आणि शेंडी. मुंबई आणि पुण्याहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, नगरहून दीडशेच्या, नाशिकहून सत्तरएक.

खरी सहल सुरू होते ती शेंडीपासून. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी असा हा जलाशयाभोवतीचा वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. घाटघरला कोकणकडा आहे. तिथेच प्रवरेच्या उगमाकडच्या भागात पाणी अडवून २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला आहे. वीज हवी तेव्हा पाणी कड्याखाली सोडायचं आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, असं त्याचं काम. साम्रदला सांदण दरी आहे. रतनवाडीला रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि पुष्करणी आहे.

हा वळसा किती वेळाचा? मोबाइलमधला नकाशा दीड तास म्हणेल, आणि एका गाडीसाठी ते चुकीचं नाही. दहा गाड्यांचा हिशेब निराळा. वळणं, खड्डे, गुरं आणि गावातली घरं धरली तर सरासरी वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे नुसत्या चालण्याचेच सव्वादोन तास. त्यावर थांबे. एक गाडी पाच मिनिटांत थांबून निघते. दहा गाड्या थांबल्या, माणसं उतरली, मुलं सांडली, सगळी परत गोळा झाली, की पंचवीस मिनिटं गेलेली असतात. असे चार थांबे म्हणजे शंभर मिनिटं. दीड तासाचा वळसा अशा रीतीनं चार तासांचा होतो. डोंगरातला आराखडा म्हणूनच किलोमीटरवर नाही, तासांवर मांडायचा, आणि थांबे चारपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत.

थांब्याची जागाही मोजून निवडावी लागते. एका गाडीला पुढेमागे मिळून साडेपाच मीटर धरले, तर दहा गाड्यांना रस्त्याच्या कडेची पंचावन्न मीटर मोकळी जागा हवी. वळसा घालण्याच्या वाटेवर अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. ‘जिथे छान वाटेल तिथे थांबू’ हे एका गाडीचं स्वातंत्र्य आहे, दहांचं नाही.

वळशाची दिशा कोणती? शेंडीहून आधी मुरशेतकडे निघालो, तर बहुतेक वाटेवर जलाशय आपल्या डाव्या हाताला राहतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूला थांबताना समोरच्या वाहनांची वाट कापावी लागत नाही. सकाळी निघालो तर पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीमागे असतो. गर्दीच्या सुट्ट्यांत पोलीस या रस्त्यावर एकेरी वाहतूक लावतात. तशी असेल तेव्हा अर्थातच त्यांची दिशा तीच आपली.

कोणता शनिवार?

भंडारदऱ्याचे चार हंगाम आहेत आणि प्रत्येकाची गर्दी वेगळी. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत काजवे. जुलै-ऑगस्टात धबधबे आणि धुकं. सप्टेंबरात धरण भरलेलं आणि उतारांवर सोनकी फुललेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, स्वच्छ हवा, लांबवर दिसणारे कडे.

यांतले पहिले दोन हंगाम गटानं गाडी चालवण्यासाठी सर्वांत वाईट. काजवे अंधारात बघायचे असतात, आणि गाडीचे दिवे हीच काजव्यांची सगळ्यात मोठी अडचण. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो; दहा गाड्यांच्या झोतात ती खूण पुसली जाते. काजव्यांसाठी जायचं तर दोन गाड्यांत बसून जावं आणि दिवसा पोचून गाड्या मुक्कामी लावून टाकाव्यात. भर पावसाळ्यात दरडी, निसरडा रस्ता आणि दाट धुकं असतं. शिवाय जुलै हा इथल्या भातलावणीचा महिना. त्या दिवसांत या रस्त्यावर आवण घेऊन जाणारी माणसं, औतं, ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्या कामाची घाई आपल्या सहलीच्या घाईपेक्षा मोठी असते. स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीत तर धरण भरण्याची वार्ता आणि सुट्टी एकत्र येते. तेव्हा रस्त्यावर वाहनांची रांग असते, सहल नसते.

पहिल्यांदाच गटानं निघणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीतला साधा शनिवार निवडावा. जोडसुट्टी टाळावी, नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळावा. वाटेतल्या गावांचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, तेही मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारून घ्यावं.

दहा गाड्यांची लांबी

गट एकत्र दिसला पाहिजे, ही हौस समजण्यासारखी आहे. एका रंगाच्या पताका लावलेल्या दहा गाड्या वळणावळणानं चढताना बघायला कुणालाही आवडेल. आता त्याच गाड्यांच्या मागे असलेल्या एसटीच्या चालकाच्या जागी बसून हिशेब करू.

ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. दोन गाड्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं, हा सुरक्षित नियम. म्हणजे ३३ मीटर. दहा गाड्यांमधली नऊ अंतरं आणि गाड्यांची स्वतःची लांबी मिळून सुमारे ३४० मीटरची रांग झाली. मागची एसटी ताशी ५०नं चालली आहे. तिला ही अख्खी रांग ओलांडायला दोन मिनिटं लागतील आणि तेवढ्यात ती पावणेदोन किलोमीटरच्या आसपास जाईल. विठे घाटात किंवा बारीच्या वळणांत तेवढा सरळ, समोरचं स्वच्छ दिसणारा रस्ता कुठून आणायचा? मग एसटी मागे अडकते, तिच्या मागे पिकअप, दूधवाल्याची मोटारसायकल आणि मग कुणीतरी वैतागून आंधळ्या वळणावर बाहेर काढतो. अपघात त्याचा होतो, पण त्याला तिथे आपल्या रांगेनं नेलेलं असतं.

तीच गोष्ट समोरासमोर. वळशावरच्या अरुंद पट्ट्यात समोरून बस आली आणि कुणीतरी मागे घ्यायला हवं असेल, तर दहा गाड्यांच्या रांगेत पहिल्या गाडीला मागे जाताच येत नाही. आधी दहावी मागे जायला हवी, मग नववी. बसच्या चालकाला एका गाडीशी समजुतीनं भागवता आलं असतं. इथे त्याला दहा जणांची वाट बघावी लागते.

उपाय सोपा आहे, फक्त हौसेला थोडी मुरड घालावी लागते. दहा गाड्यांचे तीन तुकडे करायचे: तीन, तीन आणि चार. दोन तुकड्यांत किमान पाच मिनिटांचं अंतर. चार गाड्यांची रांग सव्वाशे मीटरच्याही आत राहते. ती ओलांडायला एसटीला सहाशे मीटरच्या आत रस्ता पुरतो, आणि पुढच्या तुकडीपर्यंत तिला भरपूर मोकळीक मिळते. मागे कुणी वाहन आलं की तुकडीनं जागा बघून डावीकडे सरकायचं, वेग कमी करायचा आणि ते जाऊ द्यायचं.

प्रत्येक तुकडीत दोन जागा ठरलेल्या हव्यात. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला चालक. त्याचं काम वेग बांधणं, शर्यत लावणं नव्हे. सर्वांत मागे अनुभवी माणूस, ज्याच्या गाडीत हत्यारं, हवा भरायचा पंप, बॅटरीच्या वायरी आणि टो करायचा दोर आहे. सर्वांत नवखा चालक किंवा सर्वांत अशक्त गाडी पुढच्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर. नवख्याला शेवटी ठेवलं की तो रांग गाठायच्या धडपडीत वळणं चुकवतो. दुसऱ्या क्रमांकावर असला की पुढचा चालक आरशात त्याला बघत वेग आपोआप जुळवतो.

रस्ता चुकू नये म्हणून एकच नियम पुरतो: प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. फाट्यावर वळण्याआधी मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सुरक्षित जागी थांबायचं. हा नियम पाळला तर मोबाइलला रेंज नसतानाही कुणी हरवत नाही. पुढच्या गाडीचा पाठलाग करायची गरजही कुणाला राहत नाही.

चढताना आणि उतरताना

घाटात गाडीची परीक्षा चढावर होते असं वाटतं. धोका मात्र उतारावर असतो. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १५०० किलो असेल, तर या उंचीची सगळी ऊर्जा, सुमारे ४४ लाख ज्यूल, कुठेतरी जिरावी लागते. चालक सतत ब्रेक दाबून उतरला, तर तिच्यातला मोठा भाग चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. एवढ्या उष्णतेत एक बादलीभर, तेरा लिटर, थंड पाणी उकळेल. ब्रेक तापले की आधी त्यांची पकड कमी होते. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. यालाच आपण ‘ब्रेक फेल झाले’ म्हणतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-३ प्रकाराच्या नव्या ऑइलसाठी किमान मर्यादा २०५ अंश सेल्सिअस आहे, ओल धरलेल्या ऑइलसाठी १४०. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चार वर्षांत ब्रेक ऑइल न बदललेली गाडी शहरात ठीक चालते, घाटात नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायची शिफारस यासाठीच असते.

यावरचा इलाज ट्रकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग गाडी इंजिन अडवून धरतं आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ, ठाम दाबले तरी पुरतात. न्यूट्रलला टाकून उतरण्यात पेट्रोल वाचतं हा समज जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये ते चालू राहतं. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’, ‘एस’ किंवा हातानं गिअर बदलायची सोय असते. ती कशी वापरायची ते घरासमोरच्या रस्त्यावर शिकून घ्यावं. विजेच्या गाडीची मोटर उतारावर वीज परत बॅटरीत भरते, म्हणून तिचे ब्रेक थंड राहतात. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते. उताराच्या तोंडाशी पूर्ण चार्जिंग करून निघणं म्हणून बरं नाही.

ब्रेकचा जळका वास आला, पेडल मऊ लागलं, तर गिअर खाली घेऊन सुरक्षित जागी थांबावं आणि वीसेक मिनिटं गार होऊ द्यावं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. तुकडीतल्या एकाला थांबावं लागलं तर तुकडीनं मिळून थांबायचं. पाठीमागून येणाऱ्या तुकड्यांनी मात्र पुढे निघून जायचं, तिथे गर्दी करायची नाही.

चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी धरून ठेवायची सवय अनेकांना असते. त्यानं क्लच जळतो. थांबायचं तर हँडब्रेक ओढावा आणि त्याच्यावरूनच गाडी उचलावी. दोन वाहनं एकाच वेळी जाऊ शकत नाहीत अशा चढावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची असते. धुक्यात मंद झोताचे दिवे आणि फॉग लॅम्प लावावेत. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, कारण मग आपण वळणार की थांबणार हे मागच्याला कळत नाही.

निघण्याआधीचा आठवडा

गाडी तपासायची ती शुक्रवारी संध्याकाळी नाही, किमान आठ दिवस आधी. म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. ब्रेकचे पॅड आणि ऑइल, कूलंट, वायपर, सगळे दिवे, टायरची नक्षी आणि वय. हवा दारावरच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी. स्टेपनीतही हवा आहे का ते पाहावं, कारण पंक्चर झाल्यावर तिच्यात हवा नाही हे कळणं फारच वारंवार घडतं. जॅक आणि पाना गाडीत आहेतच, पण बोल्ट सुटतो का ते एकदा घरी पाहून घ्यावं.

टाकी घोटीला किंवा अकोल्याला भरून घ्यावी. घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात मोबाइल अनेकदा मुका होतो, म्हणून प्रत्येक गाडीत एक कागद हवा. त्यावर मार्ग, थांबे, प्रत्येक थांब्याची वेळ, सगळ्या चालकांची नावं आणि क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन ११२. राजूरला ग्रामीण रुग्णालय आणि पोलीस ठाणं आहे; मोठी रुग्णालयं संगमनेर आणि नाशिकला. हे सगळं नकाशात असतं, पण नकाशा उघडायला रेंज लागते.

गाड्यांत वॉकी-टॉकी ठेवायची हौस वाढली आहे, आणि डोंगरात तो खरंच उपयोगी पडतो. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारे साधे हातातले संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले, कमी शक्तीचे असावे लागतात. ऑनलाइन मिळणारे अनेक स्वस्त संच याबाहेरही प्रक्षेपण करतात. ते वापरणं बेकायदा आहे. संच घेण्याआधी खोक्यावरचा पट्टा वाचावा. बोलणं मोजकं ठेवावं: ‘समोरून बस’, ‘डावीकडे थांबतोय’, ‘तिसरी गाडी दिसत नाही’. गाणी आणि विनोद मुक्कामावर.

अभयारण्य, गाव आणि कायदा

वळशाचा मोठा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर वन विभागाचं प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि तिथे लिहिलेल्या वेळा पाळाव्या लागतात. दहा गाड्यांची वेगवेगळी पावती करण्यात अर्धा तास जातो. एकानं सगळ्यांचे क्रमांक आणि माणसांची संख्या लिहून नेली, रोख पैसे सोबत ठेवले, तर काम पाच मिनिटांत होतं. जंगलात शेकरू आहे, बिबट्या आहे. कर्णकर्कश हॉर्न, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आणि छतावरच्या झगझगीत दिव्यांच्या पट्ट्या इथे शोभत नाहीत, आणि मूळ रचनेत केलेले असे अनेक बदल कायद्यातही बसत नाहीत.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. ‘कोण आधी घाटघरला पोचतो’ हेही त्यात येऊ शकतं. ज्यांना स्पर्धेची हौस आहे त्यांच्यासाठी सनदशीर वाटा आहेत. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी ‘टाइम-स्पीड-डिस्टन्स’ प्रकारच्या रॅली भरवत आली आहे. त्यात ठरलेल्या वेळेआधी पोचणाऱ्यालाही दंडाचे गुण मिळतात, उशिरा येणाऱ्याप्रमाणेच. नेमक्या सरासरी वेगानं गाडी नेण्याचं ते कौशल्य गटसहलीलाही फार उपयोगी आहे.

दारूचा प्रश्न आखणीतच सोडवावा लागतो, रात्री जेवताना नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीनंतर ते प्रमाण सकाळी सहालाही ओलांडलेलं असू शकतं. चालकांनी शनिवारी रात्री पिऊ नये, हा नियम गटात नाव घालतानाच सांगावा. ज्याला तो मान्य नाही, त्यानं दुसऱ्याच्या गाडीत मागे बसावं.

या वाटेवरची गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांशी लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. इथली माणसं पाहुण्याला जेवू घालण्यात कसर ठेवत नाहीत, पण पस्तीस जणांचं जेवण आयत्या वेळी कुणाच्याही चुलीवर होत नाही. दोन दिवस आधी सांगावं, आकडा पक्का द्यावा आणि काही जण गळाले तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यावेत. एका घरी पस्तीस जणांऐवजी तीन घरी बारा-बारा जण जेवले तर अन्न गरम मिळतं, पैसे तीन घरांत जातात आणि गाड्याही एका अंगणात कोंबाव्या लागत नाहीत. तुकड्यांचा फायदा इथेही आहे. कचरा आपापल्या डिकीत परत न्यावा.

दोन दिवसांचा आराखडा

सगळ्यांनी एकत्र निघायची गरज नाही. मुंबई, पुणे, नाशिक, नगर: ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं, आपापल्या वेगानं यावं आणि शनिवारी अकराच्या सुमारास शेंडीला भेटावं. महामार्गावर ताफा करून जाण्यात काही मिळत नाही. चौपदरी रस्त्यावर मित्राची गाडी नजरेसमोर ठेवायच्या नादात माणसं चुकीच्या मार्गिकेत शिरतात. शनिवारची दुपार धरण, रंधा धबधबा आणि विश्रांती यांना द्यावी. पहाटे चार-पाचला उठून आलेले चालक त्या दिवशी पुन्हा वळणांवर नकोत.

संध्याकाळी दहा मिनिटांची चालकांची बैठक घ्यावी. तुकड्या, क्रम, थांबे आणि वेळा, खुणा आणि एक गोष्ट स्पष्ट करावी: कुणालाही, कुठल्याही क्षणी, ‘मला जमत नाही’ म्हणायची मुभा आहे. तसं कुणी म्हटलं तर दुसऱ्या चालकानं स्टिअरिंग घ्यायचं, त्यावर चर्चा नाही. प्रत्येक गाडीत परवाना असलेले दोघे असावेत ते यासाठी.

वळसा रविवारी सकाळी. पहिली तुकडी साडेसहाला, दुसरी पाच-सात मिनिटांनी, तिसरी त्यानंतर. घाटघरच्या कड्यावर पहिला मोठा थांबा, साम्रदला दुसरा, रतनवाडीच्या देवळापाशी तिसरा, चौथा राखीव. तिन्ही तुकड्या एकाच थांब्यावर एकदम असायलाच हव्यात असं नाही. पहिली निघताना तिसरी पोचली तर उलट चांगलं. दिवसाची सहल करणाऱ्यांच्या गाड्या दहा-अकरानंतर येऊ लागतात, तोवर आपला वळसा संपत आलेला असतो.

जेवण करून दीडच्या आत शेंडी सोडावी. उशीर झाला की मुंबईकडे जाणाऱ्यांच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येतं, आणि रविवार संध्याकाळची महामार्गावरची गर्दीही मिळते. गट शेंडीलाच विसर्जित करावा. निरोप घेतला की पुढे प्रत्येक जण साधा प्रवासी. घरी पोचल्यावर प्रत्येकानं एक निरोप टाकायचा, आणि रात्री नऊनंतर ज्याचा आला नाही त्याला कुणी फोन करायचा, ते आधीच ठरवावं.

एक काम सोमवारसाठी राहतं. प्रत्येक थांब्यावर खरोखर किती वाजता पोचलो आणि किती वेळ गेला, याच्या, प्रत्येक तुकडीतल्या सर्वांत मागच्या चालकानं केलेल्या नोंदी एकत्र कराव्यात. पुढच्या खेपेला राजूर-कोतूळमार्गे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला जायचं असेल, तर मोबाइलचा अंदाज बाजूला ठेवून या नोंदींवरच वेळापत्रक बांधावं. गाड्या किती नेता येतील, याचं उत्तरही त्याच कागदात सापडेल. बहुधा ते दहापेक्षा कमी असेल.